पाटीलबावा महादजी

सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड हे शिंदे घराण्याचे मूळ गाव. या गावची पाटीलकी त्यांच्याकडे होती. राणोजी शिंदे थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत शिरला आणि केवळ स्वतःच्या कर्तबगारीवर माळव्यातील एक मातब्बर सरदार झाला. त्याच्या पाच पुत्रांपैकी महादजी हा सर्वांत धाकटा. त्याचा जन्म इ. स. १७३० च्या सुमाराचा. आईच्या बाजूने त्याचा अधिकार इतर भावांपेक्षा कमी मानला जात असे. त्यामुळे घराण्याची सरदारी कधी काळी आपल्याकडे येईल असे त्याला तरुणपणी वाटले असण्याचा संभव नाही. थोरला भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोर येथे दग्याने मारला गेला. दुसरा भाऊ दत्ताजी १७६० च्या जानेवारीत दिल्लीजवळ यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडला. सरदारी जयाप्पाचा मुलगा जनकोजी याच्याकडे होती आणि महादजी पुतण्याच्या हाताखाली लढत होता. एक शूर शिपाई, यापलीकडे त्या वेळी त्याची ख्याती नव्हती.

अशा स्थितीत १७६१ साल उजाडले.

सदाशिवरावभाऊंच्या हाताखालील मराठ्यांची प्रचंड फौज पानिपत येथे अहमदशहा अब्दालीच्या फौजेसमोर अडीच महिने अडकून पडली होती. फौजेबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते, व्यापारी आणि नोकरचाकर होते. लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडेच अधिक. शत्रूने वाटा रोखल्यामुळे छावणीत दाणागोटा येईनासा झाला. माणसे उपाशी, जनावरे उपाशी. भरतपूरचा सुरजमल जाट या मोहिमेच्या आरंभी मराठ्यांबरोबर होता. अवजड सामान आणि बायकामुले मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावीत व सडे होऊन लढावे, असा सल्ला त्याने दिला होता. तो मानला गेला नाही. नाराज होऊन तो परत गेला. राजपूत राजे तर घराबाहेर पडलेच नाहीत. अखेर उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून १४ जानेवारी रोजी मराठे रणात उतरले आणि सूर्यास्तापूर्वी सारे संपले.

महादजी त्या दिवशी रणांगणातून निसटला. त्याची दक्षिणी घोडी चपळ होती. पण एका धिप्पाड अफगाण स्वाराने त्याला हेरले आणि त्याची पाठ धरली. महादजी दूर जाई, घोडीला जरा विसावा देई, आणि मागे वळून पाहावे तो तोच स्वार त्याच संथ चालीने येताना दिसे. असे मैलोगणती चालले. शेवटी घोडी एका चरात पडली. स्वाराने येऊन महादजीच्या पायावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरचे दागिने उतरवून घेतले, घोडी घेतली आणि तो मेला असे समजून त्याला तेथेच टाकून निघून गेला. पुढे कित्येक वर्षे तो स्वार महादजीच्या स्वप्नात येत असे.

रस्त्याच्या कडेला असा तो विव्हळत पडला असता राणेखान नावाचा एक भिस्ती त्या वाटेने जात होता. फौजेला बैलावरच्या पखालीतून पाणी पुरवणारा हा साधा माणूस. स्वतःचा जीव वाचवणे ज्या दिवशी प्रत्येकाला कठीण झाले होते, त्या दिवशी त्याने या जखमी शिपायाला उचलले, आपल्या बैलावर घातले आणि शत्रूच्या टापूबाहेर सुखरूप पोचवले. महादजी वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. त्याने राणेखानाला आपला भाऊ मानले. हे मानणे तोंडदेखले नव्हते, हे पुढे दिसून येईल.

पानिपतावर भाऊ तुकोजी पडला. जनकोजी कैद होऊन मारला गेला. भरलेले घराणे एका दिवसात ओस पडले. तरीही राहिलेल्या या लंगड्या पुरुषाला सरदारी सहजासहजी मिळाली नाही. राघोबादादांचा त्याला विरोध होता, भाऊबंद हक्क सांगत होते. सात वर्षे खटपट, आर्जवे आणि वाट पाहणे यांत गेली. माधवराव पेशव्यांनी १७६८ मध्ये अखेर सरदारी त्याच्या नावे केली. वाट पाहण्याची ही कला तरुण महादजीला अवगत नव्हती. ती त्याला या सात वर्षांनी शिकवली.

तथापि त्याने धडा घेतला आणि तो एकदम शहाणा झाला, असे मात्र समजू नये. पेशव्यांनी १७६९ मध्ये उत्तरेकडे मोठी फौज पाठवली, तीत महादजी होता. मराठ्यांनी १७७१ मध्ये दिल्ली घेतली आणि अलाहाबादेस राहणारा बादशहा शहाआलम १७७२ च्या जानेवारीत त्यांच्या आश्रयाने आपल्या राजधानीत परत आला. हे काम शहाणपणाचे होते. पण लगेच रोहिलखंडावर स्वारी झाली. पानिपतचा अनर्थ घडवून आणण्यात ज्याचा हात मोठा होता, तो नजीबखान रोहिला नुकताच मरण पावला होता. मराठी फौजेने त्याच्या मुलाची, झाबेताखानाची, बायकामुले कैद केली, आणि नजीबाची कबरही सोडली नाही. मेलेल्या शत्रूच्या थडग्यावर राग काढून पानिपतचे कोणीही परत येणार नव्हते. महादजीचे वय त्या वेळी चाळिशीचे होते. जखम भरली होती, पण ठणका गेला नव्हता. रोहिल्यांच्या घरातही हे दिवस कोणी विसरले नाही. त्याचा प्रत्यय सोळा वर्षांनी आला.

यानंतर इंग्रजांशी युद्ध जुंपले. राघोबादादांना पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज खंडाळ्याचा घाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली. महादजी व इतर मराठे सरदार तिच्याशी समोरासमोर भिडलेच नाहीत. ते मागे सरत गेले, वाटेवरची गावे ओस पाडत गेले, चंदी-वैरण जाळत गेले. इंग्रज १७७९ च्या जानेवारीत तळेगावास पोचले, तेव्हा तेथे त्यांना धान्याचा दाणाही मिळाला नाही. पुढे पुणे इतके जवळ, पण पोटात अन्न नाही आणि चोहोकडे मराठ्यांचे घोडेस्वार. त्यांनी आपल्या मोठ्या तोफा तळ्यात टाकल्या आणि रात्रीच्या अंधारात परतीची वाट धरली. वडगावजवळ मराठ्यांनी त्यांना गाठले, कोंडले, आणि तह करावयास भाग पाडले. अठरा वर्षांपूर्वी भुकेने कोणाची काय दशा होते हे ज्याने पानिपतच्या छावणीत पाहिले होते, त्याने या वेळी तीच भूक शत्रूच्या छावणीत धाडली.

परंतु विजयाने माणूस जेवढा शिकतो, त्यापेक्षा पुढच्या दोन वर्षांनी महादजीला अधिक शिकवले. इंग्रजांनी वडगावचा तह पाळला नाही. बंगालमधून त्यांची दुसरी फौज महादजीच्या मुलखात उतरली. ग्वाल्हेरचा किल्ला अजिंक्य समजला जात असे. कप्तान पॉफमच्या शिपायांनी १७८० च्या ऑगस्टमधील एका रात्री, पावलांचा आवाज होऊ नये व खडकावरून घसरू नये म्हणून गवत-कापसाचे जोडे घालून, शिड्यांनी तो किल्ला चढून घेतला. पुढच्या मार्चमध्ये खुद्द महादजीच्या छावणीवरच रात्री छापा पडला आणि त्याला तोफा व हत्ती सोडून माघार घ्यावी लागली. असे अपमान झाले म्हणजे सामान्य सेनापती दैवाला किंवा फितुरांना दोष देतो. महादजी मात्र इंग्रजांच्या पायदळाकडे बारकाईने पाहू लागला. हे शिपाई याच देशातले होते. त्यांचे बळ गोऱ्या कातडीत नव्हते. ते एका हुकुमासरशी उभे राहत, एका हुकुमासरशी बार काढत, आणि घोडेस्वार अंगावर आले तरी रांग मोडत नसत. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी असाच पराक्रम केला होता. पण तेव्हा ते पाहून विचार करण्यास सवड कोणाला होती?

ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे १७८२ मध्ये तह झाला. गंमत अशी की, रणांगणावर ज्याने मार खाल्ला होता, तोच या तहात दोन्ही पक्षांचा जामीन ठरला. इंग्रज व पुणे दरबार या दोघांनाही महादजीच्या शब्दाची गरज वाटू लागली होती.

तह होताच त्याने आपल्या फौजेची नवी घडी घालण्यास आरंभ केला. सॅव्हॉय प्रांतातील द बॉइन्य नावाचा एक युरोपीय लष्करी अधिकारी नोकरीच्या शोधात हिंदुस्थानात फिरत होता. त्याला १७८४ मध्ये चाकरीस ठेवून महादजीने प्रथम दोन पलटणी कवायतीत तयार करून घेतल्या. जुन्या सरदारांना हे रुचले नाही. घोड्यावर मांड टाकून भाला चालवणे हीच त्यांच्या मते खरी मर्दुमकी. तोफांच्या मागे पायी चालणे त्यांना कमीपणाचे वाटे. महादजी स्वतः त्याच जुन्या पद्धतीत वाढलेला होता आणि त्याचे वय आता पन्नाशीच्या पुढे गेले होते. या वयात बहुतेक माणसे शिकलेले विसरण्यास तयार नसतात.

त्याच वर्षाच्या अखेरीस शहाआलम बादशहाने आपल्या राज्याचा सारा कारभार पेशव्यांच्या नावे सोपवला आणि पेशव्यांचा प्रतिनिधी म्हणून तो महादजीच्या हाती आला. वकील-इ-मुतलक असे या अधिकाराचे नाव होते. नाव मोठे, पण खजिना रिकामा. बादशहाची जुनी फौज पोसायची, बादशहाचे घर चालवायचे आणि उत्पन्न मात्र जवळजवळ नाही, अशी ती सत्ता होती. पैशासाठी महादजीने मोगल सरदारांच्या जहागिरी जप्त केल्या. ते शत्रू झाले. जयपूरकडे थकलेल्या खंडणीचा तगादा लावला. जयपूर आणि जोधपूर एक झाले. बादशाही पलटणींचा पगार कित्येक महिने थकला. इतका अनुभवी पुरुष, पण एकाच वेळी चारी बाजूंनी वैरी निर्माण करण्याची चूक त्याच्या हातून घडली.

तिचे फळ १७८७ च्या जुलैमध्ये मिळाले. जयपूर राज्यात लालसोटजवळ तुंगा येथे मोठी लढाई झाली. लढाईपूर्वीच मोगल सरदार महंमद बेग हमदानी आपल्या फौजेसह शत्रूला जाऊन मिळाला होता. राठोड स्वारांनी तुफानासारखी चाल केली. द बॉइन्यच्या दोन पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत. दिवसाअखेर जय कोणाचाच झाला नव्हता. खरा घाव त्यानंतर बसला. छावणीत धान्य महाग झाले होते, पगाराचा पत्ता नव्हता. लढाईनंतर दोन-तीन दिवसांतच बादशाही पलटणी आपल्या तोफांसह उठल्या आणि सरळ शत्रूकडे चालू लागल्या. महादजीला त्यांना थांबवता आले नाही. ज्या शिपायाला पगार मिळत नाही, त्याने निष्ठा कोठून आणावी?

त्या रात्री महादजीसमोर पुन्हा पानिपत उभे राहिले असले पाहिजे. पुन्हा शत्रूचा मुलूख, पुन्हा धान्याचा तुटवडा, पुन्हा फुटलेले सोबती. पानिपतावर मराठ्यांनी मरणाचा मार्ग पत्करला होता. महादजीने तो पत्करला नाही. त्याने माघार घेतली. परंतु माघार आणि पळ यांत जे अंतर आहे ते त्याने राखले. सामान व माणसे आधी पुढे गेली, विश्वासू पलटणी पिछाडी सांभाळीत आल्या, आणि फौज न विस्कटता जाटांच्या डीगपर्यंत पोचली. तेथे त्याला आसरा मिळाला. सुरजमल जाट पानिपतच्या आधी नाराज होऊन गेला होता. त्याचाच पुत्र रणजितसिंग हा या वेळी महादजीच्या पाठीशी उभा राहिला. सुरजमलला जे मराठ्यांनी गमावले, ते महादजीने त्याच्या मुलाशी गोडीने वागून परत मिळवले होते.

पुढचे वर्ष अतिशय कठीण गेले. दिल्ली हातची गेली. आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादा लाड हा त्याचा सरदार वेढ्यात अडकला. पुण्याहून कुमक लवकर येईना; नाना फडणिसांना महादजीच्या वाढत्या सत्तेचा संशय होता. कोणीही खचला असता. महादजी थांबला. शत्रू आपसांत भांडेपर्यंत, पैसा उभा राहीपर्यंत, शिपाई ताजे होईपर्यंत तो थांबला. अखेर जून १७८८ मध्ये आग्र्याजवळ त्याच्या फौजेने विजय मिळवला आणि वेढा उठला.

इतक्यात दिल्लीत एक भयंकर प्रकार घडला. झाबेताखानाचा मुलगा, म्हणजे नजीबखानाचा नातू, गुलाम कादर याने राजवाडा ताब्यात घेतला आणि धनाच्या लोभाने व जुन्या वैराने ऑगस्ट महिन्यात वृद्ध शहाआलमचे डोळे काढले. रोहिल्यांवरील त्या स्वारीत बादशहाही मराठ्यांबरोबर होता. महादजीने दिल्ली सोडवण्यासाठी फौज पाठवली. तिचा एक प्रमुख राणेखान होता. पानिपतच्या वाटेवर पखालीच्या बैलावरून एका जखमी माणसाला नेणारा तोच राणेखान. ऑक्टोबरमध्ये दिल्ली मुक्त झाली. पळून गेलेला गुलाम कादर डिसेंबरमध्ये पकडला गेला व पुढे त्याला देहदंड झाला. आंधळ्या बादशहाला महादजीने पुन्हा तख्तावर बसवले.

आता लालसोटची आठवण कामी आली. नव्या पलटणी उभारताना महादजीने त्यांचा पगार खजिन्याच्या भरवशावर ठेवला नाही. गंगा-यमुनेच्या दुआबातील अलीगढच्या बाजूचा सुपीक मुलूख त्याने फौजेच्या खर्चासाठी द बॉइन्यकडे लावून दिला. त्या मुलखाचा वसूल थेट शिपायांच्या पगारात जाई, आणि पगार वेळेवर होई. जखमी व अपंग झालेल्यांच्या निर्वाहाची तजवीज करण्यात आली. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. दोन पलटणींचा दहा पलटणींचा कंपू झाला, आणि एकाचे पुढे आणखी कंपू झाले. पाटण येथे जून १७९० मध्ये आणि मेडता येथे सप्टेंबरमध्ये या फौजेने लालसोटच्या प्रतिस्पर्ध्यांचा पराभव केला. या दोन लढायांची वर्णने शूरत्वाने भरलेली आहेत. पण त्या खऱ्या अर्थी जिंकल्या गेल्या त्या पगाराच्या वह्यांत.

उत्तर हिंदुस्थानात आता त्याच्या तोडीचा कोणी उरला नव्हता. तरी तो स्वतःला पाटील म्हणवून घेण्यातच संतोष मानी आणि लोक त्याला पाटीलबावा म्हणत. मथुरेच्या मुक्कामात त्याला भजनकीर्तनाची गोडी लागली. कृष्णभक्तीची पदे तो स्वतः रचीत असे. बादशहाने दिलेली वस्त्रे व फर्माने घेऊन तो १७९२ मध्ये पुण्यास आला. तरुण सवाई माधवराव पेशव्यांच्या भेटीस जाताना तो हत्तीवरून आधीच उतरला, दरबारात सर्व मानकऱ्यांच्या खालच्या जागी बसला, आणि काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायांत घातले. पेशव्यांचे जोडे सांभाळणे हेच आपल्या वडिलांचे काम होते व तेच आपले, असा त्याचा भाव होता. नाना फडणिसांना यात ढोंग दिसले. थोडेबहुत ढोंग त्यात असेलही. परंतु ज्याच्या हातात दिल्ली आहे अशा माणसाने तरुण धन्यापुढे किती वाकावे, हेही त्याला नीट ठाऊक होते.

एक गाठ मात्र त्याला कधीच सोडवता आली नाही. तुकोजी होळकर हा त्याचा जुना सोबती. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचा जम पुन्हा बसवण्यात शिंदे आणि होळकर दोघांचाही वाटा होता. परंतु वाटणीच्या आणि मानाच्या प्रश्नावरून दोघांत वितुष्ट आले आणि ते वाढतच गेले. महादजी पुण्यात असतानाच, १७९३ मध्ये, लाखेरी येथे शिंद्यांच्या व होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. होळकरांचा मोड झाला. जाटांना ज्याने जोडून घेतले, शत्रूंशी ज्याने तह टिकवले, त्याला घरच्या माणसाशी जुळते घेणे साधले नाही. लाखेरीस मराठ्यांच्याच तोफांनी मराठे मेले.

पुण्याजवळ वानवडी येथील छावणीत १२ फेब्रुवारी १७९४ रोजी तापाने महादजीचा अंत झाला. तेथे त्याची छत्री आहे. त्याला पुत्र नव्हता. भाऊ तुकोजीचा नातू दौलतराव याला वारस नेमण्यात आले. तो त्या वेळी पंधरा वर्षांच्या आसपासचा होता. कवायती कंपू, आग्र्याच्या तोफा, ग्वाल्हेरचा किल्ला, दुआबाचा वसूल, दिल्लीचा अधिकार, सारे काही त्याला एका दिवसात मिळाले. द बॉइन्य दोनच वर्षांनी मायदेशी परतला. इंग्रजांशी १७०३ नव्हे, तर १८०३ मध्ये युद्ध झाले तेव्हा दौलतरावाचे युरोपीय अधिकारी ऐन वेळी त्याला सोडून गेले, आणि त्याच सप्टेंबर महिन्यात अलीगढ, दिल्ली आणि असई या तिन्ही ठिकाणी त्याच्या फौजांचा पराभव झाला.